सोळातून सहा

गाडीच्या दारावर पिवळ्या रंगानं दोन आकडे लिहिलेले असतात. तीन वर्षं टेम्पो चालवूनही ते कुणासाठी लिहितात हे मला माहीत नव्हतं. देवळाच्या पायरीवर देणगी देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, आपण त्यावर पाय देऊन वर जातो, वाचत नाही, तसे ते आकडे. मी रोज त्यांच्यावर हात टेकून केबिनमध्ये चढायचो.

माझी शाळा सातवीत सुटली. गाव गोंदियाच्या बाजूला, धानाच्या मुलखात. तिथून नाशिकला यायचं तर रेल्वेत बसलं की दुसऱ्या दिवशी उतरायचं. गावातल्या दहाबारा जणांच्या टोळीबरोबर मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या हंगामात आलो होतो, एका पॅकहाऊसमध्ये क्रेट उचलायला. हंगाम संपला, टोळी परत गेली. मी राहिलो, कारण पॅकहाऊसच्या मालकीणबाईंनी विचारलं, "गाडी येते का रे कोणाला?" आणि मला ट्रॅक्टर येत होता. मी हात वर केला. ट्रॅक्टर म्हणजे गाडी धरायची की नाही, हे तेव्हा विचारायला धीर झाला नाही.

त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही ताईच म्हणतो. सहा महिन्यांत त्यांनी मला टेम्पोचं लायसन काढायला लावलं. मला कावीळ झाली तेव्हा त्यांच्या घरून तीन आठवडे बिनतेलाची भाजी यायची, आणि डबा घेऊन त्या स्वतः यायच्या. "खा. नाय खाल्लं तर परत गोंदियाला पार्सल करीन," म्हणायच्या. त्यांचे उपकार आठवले की मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटते. एवढं दिलं त्या माणसाला आपण कधीतरी निराश करणार, ही भीती. ती अजून गेलेली नाही.

मग ताईंनी एक सहाचाकी ट्रक घेतला. जुना, पण नीट ठेवलेला. पॅकहाऊसच्या मागं दोन खोल्या आहेत, आणि तिथली पद्धत अशी की ट्रकवर जो ड्रायव्हर असेल त्यानं त्यांत राहायचं. मी तेव्हा क्रेटच्या शेडमध्ये, पत्र्याच्या आडोशाला झोपायचो. बायको आणि मुलगी तिकडे गावी. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार होती, पण कुठल्या गावच्या पहिलीत, हे ठरत नव्हतं. हे ताईंना माहीत होतं.

"जडवाहनाचं लायसन काढ," ताई म्हणाल्या. "मग एक खेप वाशीला मारून दाखव. जमलं तर गाडी तुझी न् मागच्या खोल्या तुझ्या. नाय जमलं तर येवल्याकडचा एक जण बघून ठेवलाय मी. त्याला हो म्हणावं लागंल."

"पण ताई, मी आठवी पास नाय. जडवाहनाला आठवी लागते."

"ती अट गेली आता."

मला खरं वाटेना. सातवी आणि आठवीमधलं ते एक वर्ष मला आयुष्यभर नडलेलं होतं. ते असं आपोआप निघून जाईल? मी आणखी दोघांना विचारून घेतलं. तिघांनीही गेली असं सांगितलं, तरी शिकवणीच्या पहिल्या दिवशी मी सातवीचा दाखला खिशात घेऊन गेलो होतो. कुणी मागितला नाही.

ती शिकवणी नाशिकच्या बाहेर एका ड्रायव्हिंग केंद्रात होती. शिकवणारे मास्तर म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. बुटके, पांढऱ्या मिशांचे, आणि बोलताना समोरच्याच्या पायाकडं बघणारे. पुढं कळलं की ते आपला पाय कुठल्या पॅडलवर आहे ते बघत असतात, खुर्चीत बसलेल्या माणसाचासुद्धा.

पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीच्या दारावर असतात तसे दोन आकडे फळ्यावर लिहिले: भरलेलं वजन सोळा टन. रिकामं वजन सहा टन. आणि खडू माझ्याकडं रोखला.

"सांगा, ह्या गाडीत माल किती भराल?"

"सोळा टन," मी म्हणालो.

"बरं. मग हे सहा कसले?"

"सहापेक्षा कमी माल असला तर गाडी काढायची नाही. परवडत नाही."

वर्गात कोणी हसलं नाही. नंतर चहाच्या वेळी कळलं, आणखी दोघांना तसंच वाटत होतं. मास्तर मात्र थोडा वेळ माझ्या पायाकडं बघत राहिले.

"तुम्ही कुठले?"

"गोंदियाकडचा."

"तिकडं काय वाहता?"

मी सांगितलं, आमच्याकडं धान. बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून. बंडीत पाच खंडी धान म्हणजे पाच खंडी धान. त्यात बंडी कोणी मोजत नाही.

"आणि ती बंडी कोण ओढतं? तुम्ही?"

"बैल."

"मग बैलाला विचारा, बंडी मोजायची की नाही."

आता मात्र सगळे हसले. मीही हसलो, पण माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं आणि जागेवर बसेना. कारण खंडी हे वजनच नाही. ते माप आहे. वीस कुडो भरले की खंडी झाली. धान ओलं असो की वाळलेलं, कुडो काठोकाठ भरला की कुडोच. माझं लहानपण सगळं मापात गेलं, आणि इथं किलो, क्विंटल, टन. तीन वर्षं मी टेम्पो मापानंच भरत आलो होतो. क्रेटचे पाच थर. गोण्या बॉडीच्या वर दोन थर. भरली की भरली.

अगदीच डोळे मिटून भरत नव्हतो म्हणा. पॅकहाऊसच्या यार्डात, जिथं ताईंचा कांदाही भरला जातो, हमालांचे एक मुकादम आहेत, त्यांची एक पद्धत आहे. गाडी भरत आली की ते खाली वाकतात आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे आणि गाडीची चासी यांच्यामधल्या फटीत हात घालतात. चार बोटं आडवी गेली तर आणखी भरायचं. तीन गेली तर बस. मी त्या चार बोटांवर विश्वास ठेवून गाडी चालवली. मास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मुकादमाची बोटं जाड आहेत की बारीक?"

"जाड आहेत."

"देव तुमचं भलं करो," ते म्हणाले आणि फळा पुसला.

त्या दिवशी परत येताना मला राहुड घाट आठवला. दोन वर्षांपूर्वी टेम्पोत कांदा होता, उतारावर ब्रेक दाबला आणि पाय ओल्या कापसात बुडावा तसा खाली गेला. पुढं एक बस होती. हँडब्रेक ओढला, गिअर पाडला, गाडी कडेच्या मातीत घातली, थांबली. परत आल्यावर मी मेकॅनिकशी भांडलो. ब्रेक नीट केले नाहीत म्हणून चार लोकांत त्याला बोललो. तो म्हणत होता, "अरे, लाइनर नवीन टाकलेत, माझी काय चूक?" त्या दिवशी टेम्पोत दोन थर वर होते की तीन, मला आठवेना. अजूनही आठवत नाही. चूक ब्रेकची होती की माझी, हे आता कोणाला विचारणार? मेकॅनिक तर यार्ड सोडून गेलाय.

महिनाभर शिकवणी चालली. मास्तर पुस्तकातलं कमी शिकवायचे. एकदा त्यांनी भाजीवाल्याची रिकामी हातगाडी मागवली. केंद्राच्या फाटकाशी उतार आहे. मला म्हणाले, ढकलत आणा, मी 'थांब' म्हणालो की थांबवा. मी आणली, थांबवली. सोपं. मग त्यांनी तीन जाडजूड मुलांना गाडीवर बसवलं. "आता आणा." वेग तोच. ते 'थांब' म्हणाले आणि मी पाय रोवले. माझे पाय थांबले. गाडी थांबली नाही. ती मला घेऊन कुंपणाच्या तारेपर्यंत गेली आणि तिन्ही मुलं टाळ्या वाजवत उतरली.

"काय कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"हातगाडीला ब्रेक पाहिजे."

"अहो, तुम्हीच ब्रेक होतात! ब्रेक लागला होता. ब्रेक चाक धरतो. गाडीला थांबायला जागा लागते ती वेगळी. ओझं जेवढं जास्त, तेवढी ती जागा लांब."

मी वहीत लिहून घेतलं. लिहिलं की कळलंच असं माझं होत नाही, पण निदान हरवत नाही.

मागच्या चाकांवर किती, पुढच्यांवर किती, हे वेगळंच. माल सगळा मागं रचला तर एकूण वजन बरोबर असूनही चूक. हे मला दोन दिवस समजलं नाही. वजन बरोबर आहे आणि चूक आहे, दोन्ही एकदम कसं? मास्तरांनी विचारलं, "तुमच्या एकाच खांद्यावर दोन्ही पोती दिली तर?" हे समजलं. खांद्यावरचं मला लगेच समजतं.

एक प्रश्न मात्र तसाच राहिला. मास्तर रोज सांगायचे, "घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर उतरू नका. ब्रेक तापला की गेला." सगळे माना डोलवायचे. मी हात वर केला.

"मास्तर, कसारा घाट आम्ही भरून उतरतो आणि रिकामे चढतो."

"मग?"

"मग रिकामी गाडी ज्या गिअरमध्ये चढते त्याच्यात भरलेली कशी उतरवायची?"

पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पायाऐवजी तोंडाकडं बघितलं. "भरून चढावं लागलं असतं तर कुठला गिअर लागला असता, तो," ते म्हणाले.

"पण मी भरून चढलोच नाही तर मला कसं कळणार?"

"भीतीनं कळेल," ते म्हणाले. "वरच थांबा. खाली बघा. जो गिअर बरोबर वाटेल त्याच्या एक खालचा टाका."

परीक्षा झाली. रिव्हर्स घेताना माझ्या घामानं स्टिअरिंग निसटत होतं, पण पास झालो. लायसन हातात आलं तेव्हा मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "का जी, आता किती खंडी मावते तुमच्या गाडीत?" मी सांगायला लागलो की खंडीत नसतं मोजत, सोळातून सहा काढायचे असतात. ती म्हणाली, "तं दहा सांगा नं सरळ. खोलीचं काय झालं?"

खोलीचं अजून काही नव्हतं झालं. वाशीची खेप बाकी होती.

ती ठरली एका सोमवारी. कांदा न्यायचा होता. पन्नास किलोच्या दोनशे गोण्या म्हणजे दहा टन. हा हिशोब मी आदल्या दिवशी तीन वेळा करून ठेवला होता, कारण एकदाच केला की मला तो दुसऱ्याचा वाटतो. सकाळी थप्प्या लागल्या, गोण्या मी मोजत होतो. दोनशे झाल्या. मी मागचा फळका लावायला गेलो तर मुकादम ओरडले, "ए विदर्भ, थांब की! घटीच्या राहिल्यात."

मला यार्डात विदर्भच म्हणतात. आणि घटीच्या म्हणजे वीस गोण्या. कांदा वाटेत सुकतो, वजन घटतं, म्हणून तिकडं भरपाईला वर टाकायच्या. ही त्यांची जुनी पद्धत.

"मुकादम, ते एक टन होतं."

"ते वजनात धरीत नसतात रं."

"का?"

"घटीच्या हायेत ना! वाटंत घटूनच जायच्यात."

मला क्षणभर ते पटलं. खरंच पटलं. घटणारच आहे तर ते मोजायचं कशाला? मग वाटलं, पण घाट उतरेपर्यंत कितीसा घटणार? मुकादम वाकले, फटीत हात घातला. "हे बघ. चार बोटं." आणि वीस गोण्या वर चढल्या.

मी गाडी काढली ती वजनकाट्यावर नेली. काटा यार्डापासून दोन मिनिटांवर आहे. आकडा आला सतरा टन तीनशे साठ.

मी केबिनमध्ये बसून राहिलो. ताईंना फोन करावा का? ही खेप म्हणजेच परीक्षा होती, आणि सुटायच्या आधीच मी अडचण सांगणार. येवल्याकडच्या त्या माणसानं असा फोन केला असता का? दुसरं मन म्हणत होतं, इतकी वर्षं अशाच गाड्या जातात, मुकादमांना काय कळत नाही? आणि मी सातवी. माझीच वजाबाकी चुकत असेल. मी पुन्हा केली. सोळातून सहा, दहा. पुन्हा दहाच आले. मग मी गाडी वळवून यार्डात परत आणली.

"काय रं, काय विसरला?" मुकादम.

"वीस गोण्या उतरवायच्यात."

हमाल माझ्याकडं बघायला लागले. मुकादमांनी तंबाखू थुंकली. "महिनाभर शाळा करून आला, आन् शिकला काय तर गोण्या उतरवायला! आम्ही काय तुझे नोकर हाय का, चढव म्हटलं की चढवायचं, उतरव म्हटलं की उतरवायचं?"

तेवढ्यात ताई आल्या. त्यांना गाडी एव्हाना हायवेला लागली असेल असं वाटत होतं.

"काय झालं?"

मी बोलायला लागलो आणि सगळं उलटंसुलटं झालं. मी म्हणालो, गाडी सोळा टनाची आहे पण दहा टनाची आहे. म्हणालो, सहा टन गाडीच आहे. म्हणालो, घटीच्या गोण्या घटत नाहीत. मुकादम हसायला लागले. ताईंच्या कपाळावर आठी आली.

"हे बघ, नीट सांग. गाडी चालंल का नाय?"

"चालेल, ताई."

"मग?"

"थांबणार नाही."

हे कसं सुचलं माहीत नाही. ताई वळल्या. ट्रकच्या दाराकडं गेल्या आणि ते पिवळे आकडे त्यांनी वाचले. मला वाटतं त्याही पहिल्यांदाच वाचत होत्या. मग मुकादमांना म्हणाल्या, "मामा, उतरवा वीस."

"अहो ताई, ह्याच्या नादाला..."

"उतरवा. आन् मी पण येते गाडीत. वाशीला माझंही काम हाय. बघू ह्याच्या मास्तरनं काय शिकवलंय."

वीस उतरल्या. ताई पदर खोचून केबिनमध्ये चढल्या. पुन्हा काट्यावर. मी मनात म्हणत होतो, सोळा, सोळा. आकडा आला सोळा टन चारशे.

सकाळी मी नुसते सतरा धरले होते, पुढचे तीनशे साठ सोडून दिले होते. वीसच उतरवायच्या हे मीच सांगितलं होतं. मग हे चारशे कुठून आले? काट्यावरच्या माणसाला विचारलं, "मी खाली उतरू का? माझंही धरलं असेल."

"तू उतरला तर गाडी काय ताई चालवणार?" तो म्हणाला.

ताई म्हणाल्या, "म्हणजे माझं वजन काढतोस का?"

"नाही ताई, म्हणजे, हो, तुमचंही धरावं लागतं."

त्या जोरात हसल्या, पण मला हसू येईना. नंतर कळलं, माल ओला होता. पन्नासची म्हणून भरलेली गोणी एक्कावन्नची होती. आणि ताडपत्री, दोर, डिझेल, जॅक, आम्ही दोघं. मी दोनशे वेळा पन्नास धरले होते. मास्तरांनी सांगितलं होतं, टायरवर येईल ते सगळं वजन, डॅशबोर्डवरचा देवसुद्धा. मी ते वहीत लिहिलं होतं.

"आता किती काढायच्या?" ताईंनी विचारलं.

"आठ."

"नक्की?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "नक्की नाही," मी म्हणालो.

परत यार्ड. मुकादमांनी दोन्ही हात जोडून गाडीला नमस्कार केला. आठ गोण्या उतरल्या. मी त्यांना मागच्या टोकाच्या काढायला लावल्या, मागच्या चाकांवरचं ओझं हलकं व्हावं म्हणून. तिसऱ्यांदा काट्यावर गेलो तेव्हा तो माणूस म्हणाला, "ताई, गाडी विकायला काढली का? सकाळधरून मोजताय." आकडा आला पंधरा टन नऊशे नव्वद.

दुपार झाली होती. इगतपुरी मागं टाकली आणि घाटाच्या तोंडाशी मी गाडी कडेला घेऊन थांबवली.

"का थांबलास?"

"खाली बघायचंय."

मी खाली बघितलं. मला तिसरा गिअर बरोबर वाटला. म्हणून दुसरा टाकला.

गाडी मुंगीसारखी उतरू लागली. इंजिन कण्हत होतं. मागं रांग लागली, हॉर्न सुरू झाले. एक ट्रकवाला बाजूनं जाताना काच खाली करून आमच्या खानदानाची चौकशी करून गेला. ताई दाराची दांडी धरून बसल्या होत्या.

"गाडी बंद पडलीय का?"

"नाही ताई, दुसऱ्यात आहे."

"तिसरा, चौथा काय शोभेला दिलेत?"

मला कळत नव्हतं की हे जास्तच हळू आहे की बरोबर हळू आहे. मधेमधे ब्रेकला नुसता पाय लावून बघत होतो. पाय कडक जागेवर टेकत होता, कापसात बुडत नव्हता. एका वळणावर सगळी दरी एकदम समोर आली आणि त्या क्षणी मला फक्त एवढं कळलं की मला थांबायचं झालं तर मी थांबू शकतो. बाकी ताई काय विचार करताहेत, येवल्याचा माणूस किती वेळात उतरला असता, काही कळत नव्हतं.

खाली कसाऱ्याला चहाच्या टपरीशी थांबलो. मी उतरून चाकांजवळ तळहात धरून बघू लागलो. मास्तरांनी तसं सांगितलं होतं. ताईही मागून आल्या आणि त्यांनीही हात धरला.

"गरम हाय."

"हो. पण भाजत नाही."

"किती गरम असलेलं चालतं?"

"ते मास्तरांनी सांगितलं नाही."

त्यांनी चहा घेतला. मी घेतला. त्या बराच वेळ गाडीकडं बघत होत्या, आणि मी वाट बघत होतो की आता काहीतरी म्हणतील. जमलं म्हणतील, नाहीतर नाही जमलं. त्या म्हणाल्या, "मागच्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं. लागत नाय मग. सुताराला सांगून ठेव, पाऊस यायच्या आत रंधा मारून घ्यायला."

"बरं ताई," मी म्हणालो.

बस, तेवढंच. पुढं वाशीपर्यंत त्या फोनवर बोलत होत्या, आणि मी गाडी चालवत मनात म्हणत होतो, संपलं. एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. वर आणखी येवल्याहून येणाऱ्या ड्रायव्हरसाठी दार दुरुस्त करायचं कामही मलाच सांगितलं. मला राग नाही आला. त्यांनी एवढं केलं होतं माझ्यासाठी, एक सुतार बघून देणं काय मोठं. पण मुलीच्या शाळेचं काय सांगायचं, ते जुळवता येईना.

वाशीला गोण्या उतरू लागल्या तेव्हा मी बाजूला जाऊन बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. तीन वेळा काटा, अठ्ठावीस गोण्या, दुसरा गिअर.

"तं बाई का म्हणाली?"

"काहीच नाही म्हणाली. एक काम सांगितलं."

"कोणतं?"

"मागच्या खोलीचं दार फुगतं म्हणे पावसात. सुताराले सांगून ठेव म्हणाली."

"कोणाले सांगून ठेव म्हणाली?"

"सुताराले."

"अजी नाई जी! हे काम तिनं कोणाले सांगतलं?"

"मले."

मग ती मुलीला काहीतरी म्हणाली, हसत की रडत, ते मला कळलं नाही.

"अजी, दुसऱ्याच्या दाराचं तुमाले कायले सांगन ते बाई?"

"म्हणजे?"

"म्हणजे का जी, म्हणजे! आमी कधी निघाव ते सांगा."

"थांब थांब, मी ताईंना एकदा नीट विचारतो. उगाच आपला गैरसमज..."

"काई विचारू नका," ती म्हणाली. "सुतार पाहा."

फोन ठेवला. समोरून एक हमाल रिकाम्या पाठीनं चालला होता. मी त्याला विचारलं, "दादा, इथं सुतार कुठं भेटेल?"

"कांद्याच्या मार्केटात?" तो म्हणाला.